रझांच्या चित्रांतला काळा रंग

चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्याविषयी बोलणे निघाले की पहिल्या दोन वाक्यांतच बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतले ते मोठे वर्तुळ, येतो आणि तिसऱ्या वाक्यापासून बोलणे चित्रकला सोडून तत्त्वज्ञानाकडे वळते. शून्य, बीज, पंचतत्त्व, पुरुष आणि प्रकृती हे शब्द रझांनी स्वतःच वापरले, चित्रांच्या शीर्षकांत लिहिले, मुलाखतींत पुनःपुन्हा उच्चारले, त्यामुळे असे बोलणाऱ्यांना दोष देता येत नाही. मात्र या शब्दांच्या गर्दीत एक साधी गोष्ट मागे पडते, ती म्हणजे हा माणूस आयुष्यभर रंग कालवत, लावत आणि पुसत राहिला आणि त्याला जे काही म्हणायचे होते ते त्याने आधी रंगांतून शोधले. त्यांची चित्रे आणि त्यांचे बोलणे पुष्कळ काळ शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की रझांचे कलेविषयीचे विचार समजून घ्यायचे असतील तर बिंदूच्या अर्थाआधी त्याचा काळा रंग नीट पाहावा. काळा हा आपल्यासाठी सर्व रंगांची आई आहे, असे ते सांगत. हे वाक्य ऐकायला काव्यमय वाटते, पण ते एका चित्रकाराचे अनुभवाने आलेले, जवळजवळ तांत्रिक म्हणावे असे विधान आहे, आणि ते कुठून आले हे त्यांच्या आयुष्यात पायरी पायरीने दाखवता येते.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात होते, त्यामुळे बालपण नर्मदेच्या परिसरातल्या दाट जंगलात आणि लहान वस्त्यांत गेले. पुढे साठ वर्षे फ्रान्समध्ये राहूनही या जंगलाच्या रात्री त्यांना सोडून गेल्या नाहीत. त्या रात्री भास व्हावेत इतक्या भयावह असत, त्यात माणसाची चाहूल लागायची ती कधीतरी गोंडांच्या नाचगाण्यातून, आणि सकाळ झाली की जीव भांड्यात पडे, असे त्यांनी नमूद केले आहे. बाजाराच्या दिवशी भर उन्हात सारा परिसर रंगांनी झगमगे आणि मग पुन्हा रात्र येई. या आठवणीत गावाकडच्या दिवसांचा गोडवा जवळजवळ नाहीच. तिच्यात आहे ती भीती आणि सुटका, तीही अगदी ठरावीक क्रमाने येणारी: आधी काळोख, त्यातून हळूहळू वर येणारे रंग, मग त्यांचा कल्लोळ आणि शेवटी पुन्हा काळोख.

डोळ्याच्या दृष्टीनेही हा क्रम खरा आहे, आणि याचा विचार रझांच्या संदर्भात फारसा कोणी करत नाही याचे मला नवल वाटते. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करतात, तर अगदी मंद प्रकाशात दंडपेशी, ज्यांना रंगभेद कळत नाही. संध्याकाळ गडद होऊ लागली की सर्वांत आधी तांबडा रंग काळवंडतो आणि निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ भासत राहतात. पहाटे हेच उलट्या क्रमाने घडते, म्हणजे निळसर छटा आधी उमटतात आणि तांबडा उशिरा जागा होतो. १९व्या शतकातील झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी याची नोंद केली आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या मुलाच्या घराभोवती विजेचा दिवा नाही, ज्याला रोज रात्री पूर्ण काळोख भेटतो आणि जो भीतीपोटी सकाळची वाट पाहत जागा राहतो, त्याने हा प्रवास शेकडो वेळा डोळ्यांनी अनुभवलेला असणार. काळ्यातून रंग जन्मतात हे त्याला ग्रंथातून कळण्याची गरज नव्हती, कारण ते त्याच्यासमोर दररोज घडत होते. रझांनी पुढे या अनुभवाला तत्त्वज्ञानाचे शब्द दिले, पण अनुभव आधीचा आहे, असे मला ठामपणे वाटते.

त्यांच्या शाळेतली गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. काकैयाच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक नंदलाल झारिया यांनी चंचल स्वभावाच्या लहान रझाला पांढऱ्या भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि बाकी सारे विसरून त्याकडे पाहत राहायला सांगितले. ही गोष्ट एकाग्रतेचा पाठ म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. परंतु हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला तर तिच्यात आणखी काहीतरी सापडते. पांढऱ्या कागदावर रुपयाएवढे काळे वर्तुळ रंगवावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि अर्धा मिनिट पापणी न हलवता त्याच्या मध्यावर नजर ठेवावी. थोड्याच वेळात वर्तुळाच्या कडेला उजेडाची बारीक किनार दिसू लागते, कारण नजर किंचितही हलली की थकलेल्या आणि न थकलेल्या पेशींची सीमा सरकते. मग नजर बाजूच्या कोऱ्या कागदावर नेली की तिथे काळे वर्तुळ दिसत नाही, तर कागदाहूनही पांढरे, तेजस्वी वर्तुळ तरंगताना दिसते. काळ्याकडे पाहत राहिल्याने उजेड दिसतो. त्या मुलाला भिंतीवर नेमके काय दिसले हे सांगण्याचा अधिकार मला नाही, पण ठिपक्याकडे टक लावून पाहणाऱ्या कुणालाही हा अनुभव टळत नाही. रझांच्या बिंदूंभोवती पुढे जी फिकट होत जाणारी वलये आली, ती पाहताना मला भिंतीवरचा हा उजेड हमखास आठवतो.

यानंतरचा शिक्षणाचा काळ मात्र या काळ्यापासून दूर नेणारा होता. १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत आणि त्यानंतर १९४७ पर्यंत मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात रझा शिकले. त्या काळातली त्यांची ओळख जलरंगांतल्या निसर्गचित्रांसाठी होती. मुंबईचे रस्ते, पावसाने धुतलेल्या इमारती, वरून दिसणारी शहराची गर्दी असे विषय त्यांत आहेत. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो आणि काळा रंग टाळावा अशीच शिकवण सर्रास दिली जाते. मी ज्यांच्याकडे थोडेफार शिकलो तेही रंगपेटीतली काळ्याची वडी वापरू देत नसत. सावली हवी असेल तर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र कर, असे सांगत. हे दोन रंग मिसळले की खरोखरच सुंदर गडद छटा मिळते, निळा जास्त पडला तर थंड आणि सिएना जास्त पडला तर उबदार. या शिकवणीमागे दृक्प्रत्ययवादी म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचा मोठा वारसा आहे, कारण सावलीतही रंग असतो हे त्यांनीच जगाला दाखवले आणि त्यासाठी रंगपाटीवरून काळा जवळजवळ हद्दपार केला. रझांना या परंपरेत तयार होऊन पुन्हा काळ्याकडे यायचे होते, आणि त्याला तीसेक वर्षे लागली.

डिसेंबर १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे आणि रझा यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही. रझांच्या विचारांच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९४८ मधला काश्मीरचा प्रसंग. तिथे त्यांची भेट फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. ब्रेसाँनी त्यांची चित्रे पाहिली आणि रझांमध्ये गुणवत्ता आहे हे मान्य करून, या चित्रांत भावना आहे पण बांधणी नाही, असे स्पष्ट सांगितले. इमारतीला पाया, भिंती, तुळया लागतात तशी चित्रालाही रचना लागते आणि ती शिकायची असेल तर फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असा त्यांचा सल्ला होता. रझांनी तो इतका मनावर घेतला की मुंबईला परतून ते फ्रेंच शिकू लागले आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले.

कलाभिव्यक्तीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात हा सल्ला फार कमी वेळा ऐकू येतो. मनात दाटून आलेले कागदावर उतरले म्हणजे अभिव्यक्ती झाली, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती हौशी चित्रकारांपुरती मर्यादित नाही. रझा स्वतः अत्यंत भावनाशील होते. १९४७ मध्ये आई आणि १९४८ मध्ये वडील गेले, फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, आणि आपण मात्र इथेच राहायचे असे त्यांनी ठरवले. अशा माणसाजवळ रंगवायला दुःख कमी नव्हते. पण १९५० नंतर पॅरिसमध्ये त्यांनी काढलेल्या चित्रांत आक्रोश कुठेच दिसत नाही. त्यांत घरे आहेत, तीही तीव्र कोनांच्या छपरांची, एकमेकांना टेकून उभी असलेली, माणसांविना. १९५१ मधल्या ‘ओ द कान्य’ या चित्रात दक्षिण फ्रान्समधले टेकडीवरचे गाव असे काही मांडले आहे की कुठलाही एक कोन बदलला तरी सारी वस्ती कोसळेल, असे वाटावे. भावना सांगण्याआधी तिला उभे राहायला जागा करून द्यायची, हा धडा त्यांनी तिथे गिरवला. मला तर वाटते की त्या काळात त्यांनी भावनेला मुद्दाम दाराबाहेर बसवले, कारण ती परत येणारच हे त्यांना ठाऊक होते.

ती परत आली ती रंगाच्या थरांतून. पन्नासच्या दशकात त्यांनी तैलरंग जाडसर, थरावर थर देत वापरायला सुरुवात केली. गावांच्या कडा विरघळू लागल्या आणि घरांची जागा रंगांच्या राशी घेऊ लागल्या. १९५६ मध्ये त्यांना पॅरिसच्या समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितिक’ हा पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार ठरले. १९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कली येथे अध्यापनासाठी गेले आणि तिथल्या वास्तव्यात अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकारांचे काम, विशेषतः मार्क रॉथको यांचे काम, त्यांनी जवळून पाहिले. रॉथकोने आपल्यापुढे अनेक शक्यता खुल्या केल्या, असे ते मोकळेपणाने सांगत. रॉथकोच्या चित्रात मोठमोठे रंगपट्टे एकमेकांशेजारी धूसर कडांनी तरंगत असतात, आणि पाहणाऱ्याला काही ओळखायचे नसते, तर फक्त त्या रंगासमोर उभे राहायचे असते. रचना म्हणजे छपरे आणि भिंती असलीच पाहिजेत असे नाही, एका रंगाचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण हीसुद्धा रचनाच आहे, हे रझांना इथे पटले असावे.

याच सुमारास माध्यमही बदलले. तैलरंगांकडून ते हळूहळू अ‍ॅक्रिलिककडे वळले. वरवर पाहता ही साधनांची बाब आहे, पण रंगवणाऱ्याला ठाऊक असते की माध्यम बदलले की हाताचा विचार बदलतो. तैलरंगाचा थर वाळायला दिवस लागतात आणि तोवर खालचा ओला रंग वरच्या रंगात मिसळून त्याला मळवू शकतो. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळते, त्यामुळे काळ्या थरावर लगेच नारिंगी फटकारा मारला तरी तो स्वच्छ राहतो. कुंचला जवळजवळ कोरडा असेल तर तो फटकारा तुटक उमटतो आणि त्याच्या फटींतून खालचा काळा दिसत राहतो. १९७२ च्या ‘तपोवन’सारख्या चित्रांत रंग काळोखात पेटल्यासारखे दिसतात, त्यामागे हे तंत्र आहे. काळ्यावर लावलेला रंग आणि पांढऱ्यावर लावलेला तोच रंग यांत किती अंतर पडते हे पाहायचे असेल तर एकाच नारिंगी रंगाचे दोन पट्टे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या तळावर, असे जाडसर लावून पाहावेत. पांढऱ्यावरचा पट्टा थोडा मवाळ, थोडा मातकट दिसतो, तर काळ्यावरचा आतून उजेड असल्यासारखा वाटतो. युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या रंगीत काचांना शिशाच्या काळ्या रेघा असतात. त्या काचा जोडण्यासाठी असल्या तरी रंग इतके तेजाळ दिसण्यात त्यांचाही वाटा मोठा असतो. रझा अशा काचांच्या देशात राहत होते, आणि त्यांच्या मनात मंडलाची रात्र होती.

सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात येऊ लागले. पॅरिसमध्ये नाव झाले होते, चित्रे विकली जात होती, तरीही या चित्रांत मी कुठे आहे हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करत होता, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात अशी भटकंती झाली आणि माळवा-मेवाडच्या लघुचित्रांकडे त्यांनी पुन्हा नव्या नजरेने पाहिले. लघुचित्रांत कागद चौकटींत विभागलेला असतो, प्रत्येक खणात सपाट, धीट रंग असतो आणि भोवती बहुधा तांबडी किनार असते. ब्रेसाँने सांगितलेली बांधणी त्यांना आता सेझानच्याही पलीकडे, आपल्याच परंपरेत सापडली. १९८० च्या आसपास काळा बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला.

१९८१ चे ‘माँ’ हे चित्र मला या साऱ्या प्रवासाचा कळस वाटते. त्यात मोठा काळा बिंदू आहे, खणांमध्ये मातीचे, आगीचे, अंधाराचे रंग आहेत आणि देवनागरीत अशोक वाजपेयी यांच्या कवितेची ओळ लिहिलेली आहे, जिचा आशय असा की आई, मी परतून येईन तेव्हा तुझ्यासाठी काय आणीन. आई गमावलेल्या, तीस वर्षे परदेशात राहिलेल्या माणसाने ही ओळ कॅनव्हासवर लिहिली, आणि तरीही चित्र कुठे हळवे होत नाही, हे मी त्याचे मोठेपण मानतो. काळ्याला त्याने आई म्हटले आणि चित्राचे नावही तेच दिले. भावना पूर्ण तीव्रतेने परत आली होती, आणि आता तिच्यासाठी घर बांधून तयार होते. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांनी ‘सौराष्ट्र’ रंगवले. २०० बाय २०० सेंटिमीटरचे हे अ‍ॅक्रिलिक चित्र २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले आणि तेव्हापासून त्याची किंमतच जास्त चर्चिली गेली. खरे तर बोलावे असे त्यात दुसरेच आहे. चौकोनी खणांची शिस्त आणि त्या खणांच्या आत बेभान सुटलेला कुंचला यांचा तोल रझांना इतका नेमका फार थोड्या वेळा साधला आहे.

रझांच्या रंगविचाराचा पाया पाच रंगांचा आहे: काळा, पांढरा, तांबडा, पिवळा आणि निळा. त्यांनी त्यांची सांगड पंचमहाभूतांशी घातली. या सांगडीचा आध्यात्मिक अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. रंगवणारा म्हणून मला तिच्यात दिसते ते कठोर काटकसरीचे तत्त्व. बाजारात शेकडो छटांच्या ट्यूब मिळत असताना पाचांवर थांबणे म्हणजे उरलेले सारे काम मिश्रणावर, प्रमाणावर आणि शेजारावर सोपवणे. रंगद्रव्यांचा नियम असा की तांबडा, पिवळा आणि निळा एकत्र मिसळत गेले की मिश्रण गडद होत होत काळ्याजवळ पोचते. म्हणजे रंगपाटीवर सर्व रंग शेवटी काळ्यात जातात हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते आणि म्हणूनच तो काळ्याला घाबरतो. रझांनी हा प्रवास उलट दिशेने पाहिला. जिथे रंग बुडतात तिथूनच ते निघतात, असे मानून त्यांनी काळ्यापासून सुरुवात केली. चित्रकाराची दृष्टी म्हणतात ती मला अशा ठिकाणी दिसते, कारण नियम सर्वांना एकच असतो आणि तो कुठल्या टोकाकडून वाचायचा हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते.

इथे एक मतभेद नोंदवल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. बिंदू सापडल्यानंतर रझांनी तो सुमारे साडेतीन दशके रंगवला. या पुनरावृत्तीची तुलना ते जपाशी करत. एकच नाम पुनःपुन्हा घेतल्याने मन एका अवस्थेला पोचते, तसेच एकच आकार पुनःपुन्हा रंगवल्याने होते, असे त्यांचे म्हणणे होते. रंगवणाऱ्याच्या बाजूने हे मला पूर्ण पटते. पण जप करणाऱ्याला जे मिळते ते ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. नव्वदच्या दशकानंतरच्या कित्येक चित्रांत वर्तुळे, त्रिकोण, समांतर रेघा अत्यंत नेटक्या आहेत, रंग सपाट आणि स्वच्छ आहेत, आणि काळा तिथे आई राहत नाही, तो एका आकृतीत भरलेला रंग होतो. कुंचल्याची थरथर गेली की भीतीही जाते, आणि भीती गेली की उजेडाचे मोल कमी होते. १९७० ते १९८५ या काळातल्या चित्रांपुढे ही चित्रे मला उणी वाटतात. त्यांच्या छापील प्रती घरोघरी, कार्यालयोकार्यालयी लागल्या, कारण त्या भिंतीवर शोभून दिसतात, आणि त्यामुळेच रझा म्हणजे नीटनेटकी भौमितिक चित्रे असा ग्रह पसरला. ज्यांनी फक्त हीच चित्रे पाहिली आहेत त्यांनी ‘माँ’ किंवा ‘तपोवन’च्या काळातले मूळ चित्र कुठे प्रदर्शनात आले तर जरूर जाऊन पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मूळ चित्रच का, याचेही कारण काळ्यातच आहे. पुस्तकात किंवा पडद्यावर काळा रंग सर्वांत जास्त फसवतो. छपाईत तो सगळीकडे एकसारखा बसतो आणि पडद्यावर तर तो उजेडाचा अभावच असतो. कॅनव्हासवरचा काळा तसा नसतो. त्यात कुंचल्याच्या केसांच्या रेघा असतात, कुठे चकाकी असते, कुठे मंदपणा असतो, कुठे खालचा तपकिरी किंवा निळा थर डोकावतो, आणि आपण दोन पावले बाजूला सरकलो की त्याचा पोत बदलतो. अशा काळ्यासमोर सुरुवातीला काहीच दिसत नाही. डोळे सरावले की मग त्यात उबदार काळा आणि थंड काळा असे भाग वेगळे होऊ लागतात, आणि त्यानंतर शेजारच्या तांबड्याकडे नजर गेली की तो तांबडा आपण आत आलो तेव्हा होता तसा राहिलेला नसतो. पाहण्याला वेळ द्यावा लागतो, डोळ्यांनी पाहणे आणि मनाने पाहणे यांत फरक आहे, असे रझा नेहमी म्हणत. त्यांच्या चित्रांपुढे हा वेळ खरोखरीचा असतो, कारण सरावायला लागणारी मिनिटे कुणालाच चुकवता येत नाहीत.

पत्नी जानीन मोंजिया, ज्या स्वतः चित्रकार होत्या, २००२ मध्ये गेल्या. २०१० च्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले आणि दिल्लीत राहू लागले. शरीर थकले होते, चाकाची खुर्ची आली होती, तरी ते नियमाने चित्राच्या खोलीत जात आणि रंगवत. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

उत्तरायुष्यातल्या त्यांच्या काही चित्रांत एक बदल दिसतो. बिंदू फिकट होतो, करडा होतो, कधी पूर्ण पांढऱ्या अवकाशात पांढऱ्याच वलयांचा उरतो. याला अनेकजण शांती म्हणतात, आणि रझांनीही काही चित्रांना तसेच नाव दिले. माझे मन मात्र या पांढऱ्या चित्रांविषयी अजून पक्के झालेले नाही. कधी ती मला नव्वदच्या दशकातल्या नेटकेपणाचेच पुढचे टोक वाटतात, जिथे रंगाबरोबर ताणही संपला आहे. आणि कधी, विशेषतः जिथे हाताचा कंप कडेवर स्पष्ट उमटला आहे अशा चित्रांसमोर, वाटते की काळ्याकडे इतकी वर्षे एकटक पाहिल्यावर नजर बाजूला नेली की जे दिसते तेच त्यांनी अखेर रंगवायला घेतले होते. या दुसऱ्या शक्यतेकडे माझा कल अधिक आहे, पण तो पक्का करण्यासाठी त्या पांढऱ्या चित्रांपैकी आणखी काही मूळ स्वरूपात, ‘माँ’च्या काळातल्या एखाद्या चित्राशेजारी लावलेली पाहायला मिळायला हवीत.